सबवूफरच्या अ‍ॅम्पचा गेन: मल्टिमीटर घ्या, आवाज न करता लावा

गाडीत सबवूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, बसवून झाला की बहुतेक फिटर शेवटी एकच काम करतात. डिक्कीत वाकून स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅम्पवरचा गेन फिरवायचा, पुढे येऊन एखादं डीजे रिमिक्स लावायचं आणि आरसा थरथरला की बिल हातात द्यायचं. गिऱ्हाईकही खूश असतं. काही महिन्यांनी आवाज फाटायला लागतो, डिक्कीतून करपलेल्या वार्निशचा वास येतो आणि ‘वूफरच हलका निघाला’ असा निकाल लागतो. पुष्कळदा वूफरचा काहीच दोष नसतो. गेन दुप्पट-तिप्पट वर असतो आणि बेस बूस्टही (खालचे सूर जादा फुगवणारा खटका) चढवून ठेवलेला असतो.

हे काम घरच्या घरी करता येतं. लागतो फक्त मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळणारा पिवळा डीटी-८३० सुद्धा चालतो. काम चालू असताना वूफरची वायर काढलेली असते, त्यामुळे रात्री साडेदहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलंत तरी सेक्रेटरी खाली येणार नाहीत. फक्त इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये हे करू नका. गाडी मोकळ्या हवेत काढा.

गेन नेमकं काय करतो

डेककडून (गाडीतल्या स्टिरिओकडून) किती व्होल्टचा सिग्नल येणार हे अ‍ॅम्प बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. एखादा डेक आरसीएमधून (पुढे सिग्नल नेणाऱ्या जोडणीतून) कमाल २ व्होल्ट देतो, एखादा ४, तर महागातला ५. गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या स्टिरिओला बहुधा आरसीए नसतातच. तिथे स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यावा लागतो आणि तो ८-९ व्होल्टपर्यंत जातो. ‘इतके व्होल्ट आले की पूर्ण ताकद द्यायची’ हे अ‍ॅम्पला सांगणारा खटका म्हणजे गेन. म्हणूनच त्याच्याभोवती ‘६ व्होल्ट’ ते ‘०.२ व्होल्ट’ असे आकडे छापलेले असतात, आणि ते उलटे वाटतात. ६ व्होल्टकडे गेन सर्वांत कमी, ०.२ कडे सर्वांत जास्त.

याचा अर्थ असा की गेन कमी ठेवल्याने अ‍ॅम्पची ताकद घटत नाही. तो कमाल ताकदीला जरा उशिरा, म्हणजे डेकचा व्हॉल्यूम बराच वर गेल्यावर पोहोचतो. उलट गेन अति ठेवला तर डेक निम्म्यावर असतानाच अ‍ॅम्प टोक गाठतो. त्यापुढे व्हॉल्यूम वाढवला की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात, म्हणजे क्लिपिंग होतं. आपण ‘आवाज फाटतो’ म्हणतो ते हेच. नुकसान कशाने होतं तेही समजून घ्या. सारख्याच उंचीची पूर्ण चौकोनी झालेली लहर साध्या गोलाईच्या लहरीच्या दुप्पट पॉवर वाहून नेते. वूफरच्या ४०० वॅटच्या व्हॉइस कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) ८०० वॅटची उष्णता सोसावी लागली तर तारेवरचं वार्निश जळणारच.

आधी ओहम, मग वॅट

गेनला हात लावण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून घ्या: वूफरचे आरएमएस (म्हणजे सलग पेलवणारे) वॅट, अ‍ॅम्पला दिसणारे एकूण ओहम, आणि त्या ओहमवर अ‍ॅम्प देतो ते आरएमएस वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ आकडा विसरून जा.

ओहमच्या बाबतीत दोन कॉइलचे वूफर लोकांना गोंधळात टाकतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागोमाग जोडल्या तर ८. २ ओहमच्या दोन कॉइलचे समांतर १ ओहम, एकामागोमाग ४. अ‍ॅम्प १ ओहमवर चालणारा नसेल तर तशी जोडणी करू नका. तो तापून बंद पडेल किंवा कायमचा जाईल. खात्री करायची असेल तर वूफरची वायर अ‍ॅम्पकडून सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. ४ ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसेल. तो खराब नाही. मीटर डीसीवर मोजतो, म्हणून आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमीच येतो.

बाजारात ‘३५०० वॅट’ लिहिलेले अ‍ॅम्प ढिगाने मिळतात. त्यांचा खरेपणा अंगावरच्या फ्यूजवरून तपासता येतो. समजा २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे एकूण ५० अँपिअर. इंजिन चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट धरले तर आत जाणारी पॉवर ६९० वॅट. क्लास-डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर जेमतेम ५५० वॅट उरतात. जुन्या क्लास-एबी पद्धतीत तर निम्म्याच्या थोडं वर. ३५०० चा आकडा आला कुठून, ते छापणाऱ्यालाच विचारावं! हा हिशेब टाळू नका. पुढची सगळी पद्धत वॅटच्या आकड्यावर उभी आहे, आणि तो खोटा असेल तर मल्टिमीटर तुम्हाला खुशाल क्लिपिंगच्या पलीकडे नेऊन ठेवेल. चांगल्या कंपन्या सीईए-२००६ मानकाप्रमाणे, म्हणजे १४.४ व्होल्टवर आणि १ टक्क्याच्या आत विकृती ठेवून, आकडा देतात. असा शिक्का दिसला तर फ्यूजचा हिशेब सोडला तरी चालेल.

आता लक्ष्य व्होल्टेज काढा. वॅट गुणिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. वॅटच्या जागी वूफर आणि अ‍ॅम्प यांच्यापैकी जो आकडा लहान असेल तो घ्या.

मी इथे एक नेहमीचं उदाहरण घेतो: १२ इंची वूफर, ४ ओहमच्या दोन कॉइल, ४०० वॅट आरएमएस, अ‍ॅम्प २ ओहमवर ५०० वॅट. कॉइल समांतर जोडल्या, म्हणजे २ ओहम. लहान आकडा ४००. ४०० × २ = ८००, वर्गमूळ २८.३. म्हणजे लक्ष्य २८.३ व्होल्ट. आणखी काही जोड्यांचे आकडे असे:

२५० वॅट, ४ ओहम: ३१.६ व्होल्ट
३०० वॅट, ४ ओहम: ३४.६ व्होल्ट
३०० वॅट, २ ओहम: २४.५ व्होल्ट
५०० वॅट, २ ओहम: ३१.६ व्होल्ट
५०० वॅट, १ ओहम: २२.४ व्होल्ट

टोन कुठून आणायचा

गाण्यावर व्होल्ट मोजता येत नाहीत. आकडा सारखा नाचतो. त्यासाठी सलग एकाच वारंवारतेचा साइन टोन लागतो. मी ५० हर्ट्झचा घेतो. एक तर तो सबवूफरच्या पट्ट्याच्या मधोमध बसतो. दुसरं म्हणजे आपल्या घरची वीजही ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्तातले मल्टिमीटर तिथे बरोबर दाखवतात. ‘ट्रू आरएमएस’ मीटर असेल तर छानच, पण शुद्ध साइन लहरीवर साधा मीटरही खरा आकडा देतो.

संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम उघडून टोन स्वतः बनवा: साइन, ५० हर्ट्झ, मात्रा १, लांबी पाच मिनिटं. हा झाला ० डीबीचा (डेसिबलचा) टोन, म्हणजे फाइलमध्ये मावणारा मोठ्यात मोठा. मात्रा ०.५६ ठेवलीत तर उणे ५ डीबीचा होईल. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या आणि यूएसबीमधून वाजवा. ब्लूटूथने वाजवायची वेळ आलीच तर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, फोनमधला इक्वलायझर आणि आवाज सारखा करणारी सोय दोन्ही बंद करा. व्हिडिओच्या साइटवरून शोधलेला टोन वापरू नका. तो किती डीबीचा आहे हे कुणी सांगणार नाही, आणि इथे सगळा खेळ त्याचाच आहे.

० घ्यायचा की उणे ५? ० डीबीवर गेन लावला तर डेकमधून मोठ्यात मोठा सिग्नल आला तरी अ‍ॅम्प ठरलेल्या वॅटच्या पुढे जात नाही. सगळ्यांत सुरक्षित. पण जुनी भावगीतं, नाट्यसंगीत, लावणीची जुनी ध्वनिमुद्रणं यांत खालचे सूर मुळातच कमी असतात आणि पातळीही खाली असते. तिथे वूफर झोपल्यासारखा वाटतो. उणे ५ वर लावला तर अशी गाणी भरदार होतात, मात्र आजच्या ठोकून भरलेल्या रिमिक्सला व्हॉल्यूम वर नेला की शेंडे कापले जाणार. हिशेब बघा. उणे ५ वर २८.३ व्होल्ट लावले, तर पूर्ण सिग्नलला अ‍ॅम्पने ५० व्होल्ट द्यायला हवेत, आणि आपला अ‍ॅम्प ३२च्या आसपासच थांबतो. गाडीत कॉलेजची मुलं बसत असतील तर ० डीबीच घ्या. गाडी तुम्ही एकटेच चालवत असाल आणि हात आवरत असेल तर उणे ५ चालेल.

सगळं सपाट करा

वूफरच्या दोन्ही वायर अ‍ॅम्पमधून काढा आणि टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला टेकणार नाहीत अशी टेप लावून बाजूला ठेवा. वायर काढताना अ‍ॅम्प बंद हवा. दरवाजांतले स्पीकर चालवणारा वेगळा अ‍ॅम्प असेल तर त्याचेही स्पीकर सोडवा. डेकवरच चालत असतील तर फेडर-बॅलन्सच्या भानगडीत न पडता ५० हर्ट्झची घरघर थोडा वेळ सहन करा, किंवा डेकमधला त्यांचा हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) वर घ्या.

अ‍ॅम्पवर: गेन पूर्ण खाली. बेस बूस्ट शून्य. लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) शक्य तितका वर, कारण तो ५० किंवा ६० वर असेल तर आपलाच टोन दाबला जाईल आणि चुकीचा आकडा दिसेल. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) पूर्ण खाली किंवा बंद. डॅशबोर्डजवळ बेसचा वेगळा नॉब असेल तर तो पूर्ण वर करा. तसं केलं की नंतर तो कसाही फिरवला तरी आवाज ठरवलेल्या मर्यादेच्या आतच राहतो.

डेकवर: बेस, ट्रेबल, इक्वलायझर शून्यावर, लाउडनेस बंद. सबवूफर लेव्हल असेल तर ती ० वर ठेवा आणि नंतरही ० च्या वर नेऊ नका.

बेस बूस्टबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त वूफर त्यानेच जाळले असावेत असं माझं मत आहे. ४५ हर्ट्झच्या आसपास ६ डीबी बूस्ट म्हणजे तिथे चौपट पॉवर. १२ डीबी म्हणजे सोळापट. ४०० वॅटवर चालणाऱ्या यंत्रणेत ती पॉवर येणार कुठून? येत नाहीच; लहर कापली जाते. हा खटका शून्यावर ठेवा आणि त्याला परत हात लावू नका.

डेकची स्वच्छ मर्यादा

अ‍ॅम्प कितीही नीट लावला तरी डेककडून फाटलेलाच सिग्नल येत असेल तर उपयोग नाही. बाजारातून घेतलेल्या बऱ्या डेकचं आरसीए आउटपुट बहुतेक वेळा वरच्या टोकापर्यंत स्वच्छ असतं. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींचं तसं नसतं. ढोबळ नियम म्हणून कमाल व्हॉल्यूमच्या तीन चतुर्थांश धरा: ४० पैकी ३०.

याहून नेमकं हवं असेल तर टोन लावून डेकच्या स्पीकर वायरवर एसी व्होल्ट मोजत व्हॉल्यूम एक-एक घर वाढवा. आकडा दर घराला साधारण सारख्या पटीत चढत जातो आणि एका जागी ही चढण अचानक मंदावते. तिथे डेक फाटायला लागलाय. दोन घरं मागे या आणि तो आकडा लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्यांना सांगा: याच्या पुढे व्हॉल्यूम न्यायचा नाही.

कंपनीच्या काही स्टिरिओंमध्ये व्हॉल्यूम वाढवला की बेस आपोआप कमी होतो, म्हणजे दरवाजातले लहान स्पीकर वाचावेत अशी सोय केलेली असते. तिथे आपण ठरवलेल्या कमाल व्हॉल्यूमवर गेन लावला तर खालच्या व्हॉल्यूमला बेस अंगावर येतो. साध्या गेनने हे सुटत नाही. त्यासाठी वेगळा सिग्नल प्रोसेसर लागतो.

प्रत्यक्ष गेन

इंजिन चालू करा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मीटर एसी व्होल्टवर घ्या, म्हणजे लहरीचं चिन्ह असलेल्या बाजूला. डीटी-८३० वर २०० ची पट्टी. टोन वाजवा आणि व्हॉल्यूम ठरवलेल्या मर्यादेवर न्या. मीटरची दोन टोकं अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटच्या अधिक-उणे स्क्रूंवर ठेवा. दोन चॅनेल जोडून म्हणजे ब्रिज करून वापरत असाल तर ब्रिजचे दोन स्क्रू घ्या. टोकं घसरून एकमेकांना भिडली तर अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट होईल, तेव्हा दुसऱ्या कुणाला मीटर धरायला सांगा किंवा मगरचिमटे वापरा.

आता गेन सावकाश चढवा. सुरुवातीला आकडा ५-६ व्होल्ट असेल, मग झपाट्याने वाढेल. हा खटका फार नाजूक असतो आणि केसभर फिरवला तरी तीन-चार व्होल्टचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात २८.३ आला की थांबा. खरं तर मी २६-२७ वरच थांबतो. मीटर लावलेला असताना अ‍ॅम्पवर भार नसतो. वूफर जोडून जोरात वाजवला की बॅटरीचं व्होल्टेज बसतं आणि अ‍ॅम्पची कमाल पातळीही खाली येते. १० टक्के व्होल्ट सोडले तर कानाला जाणवणारा फरक एक डीबीच्या आत असतो.

पूर्ण गेन देऊनही आकडा गाठला जात नसेल तर गेनला दोष देऊ नका. लो-पास फिल्टर खाली राहिलाय का, फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर आहे का, डेकमध्ये सबवूफर आउटपुट बंद आहे का, आरसीएचं एक टोक निसटलंय का, हे आधी पाहा. याउलट गेन शून्यावर असतानाच आकडा पुढे गेला असेल तर बहुधा स्पीकर वायरचा ८-९ व्होल्टचा सिग्नल आरसीएच्या वाटेने घुसवलाय. तो अ‍ॅम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला द्या किंवा मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीला उतरवणारा) बसवा.

झालं की गेनवर मार्करची छोटी खूण करा. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणी तरी हौसेने फिरवतोच.

ऑसिलोस्कोप असेल तर

मल्टिमीटर आकडा सांगतो, लहरीचा आकार सांगत नाही. हातात मावणारे बॅटरीवरचे ऑसिलोस्कोप आता सहज मिळतात आणि ज्याच्या अ‍ॅम्पचे वॅट भरवशाचे नाहीत त्याने ते आणावेतच. जोडणी तीच. गेन चढवत जा, लहरीचे शेंडे सपाट होऊ लागले की थोडं मागे या. मात्र वूफर अ‍ॅम्पपेक्षा लहान असेल तर शेंडे कापले जाण्याआधीच, वूफरच्या व्होल्टेजला थांबायचं. दोन गोष्टी जपा. २८.३ व्होल्ट आरएमएस म्हणजे शेंड्याला ४० व्होल्ट, तेव्हा प्रोब दहापट पट्टीवर ठेवा. आणि ब्रिज केलेल्या किंवा क्लास-डी अ‍ॅम्पचा उणे स्क्रू म्हणजे गाडीची बॉडी असेलच असं नाही. विजेच्या प्लगवर चालणारा ऑसिलोस्कोप किंवा चार्जरला लावलेला लॅपटॉप इथे जोडू नका.

वूफर जोडल्यावर

अ‍ॅम्प बंद करा, वूफर जोडा, अधिक-उणे पाहून घ्या. टोन काढून टाका. सलग टोनवर पूर्ण पॉवर देणं हा वूफर तापवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. लो-पास ८० हर्ट्झवर आणा आणि दरवाजाच्या स्पीकरचा हाय-पासही ८० च्या आसपास ठेवा. बंद पेटीला सबसॉनिक फिल्टरची फारशी गरज नसते. भोक असलेल्या पेटीला आणि बेस ट्यूबला मात्र असते. पेटीच्या ट्यूनिंगपेक्षा ५ हर्ट्झ खाली लावा: पेटी ३५ ची असेल तर ३०. त्याखालच्या सुरांवर कोनला आतल्या हवेचा आधार उरत नाही आणि तो नुसताच हापसत राहतो.

फेजचा (वूफरची लहर उलटी करणारा) खटका ० आणि १८० दोन्हीकडे करून पाहा. ढोलकी किंवा बेस गिटार असलेलं ओळखीचं गाणं लावा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि ज्या बाजूला ठोका भरीव वाटेल ती बाजू ठेवा. बेस मागून येतोय असं जाणवलं तर लो-पास ७० वर आणा.

आता कान वापरायला हरकत नाही, पण एकाच दिशेने. वूफर दरवाजांच्या पुढे पळतोय असं वाटलं तर बेस नॉब किंवा डेकची सबवूफर लेव्हल कमी करा. कमी वाटला तर गेन वाढवू नका. पेटीची जागा बदला, तोंड डिक्कीच्या दाराकडे करून पाहा. नुसत्या एवढ्यानेच पुष्कळ गाड्यांत फरक पडतो.

पहिला आठवडा थोडं लक्ष ठेवा. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चं आहे. स्वस्त किटमधली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर जाडजूड दिसते, पण तेवढा करंट नेत नाही. अर्थची वायर आखूड हवी, रंग खरवडून थेट पत्र्यावर कसलेली. आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर तीही बहुधा अर्थिंगचीच. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टीसारखी तापते. अ‍ॅम्प गालिच्याखाली दाबून बसवला असेल तर तो ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लावून बंद पडेल. त्याला हवा मिळेल अशी जागा द्या, गेनला हात लावू नका.

डेक बदलला, सिग्नलची जोडणी बदलली किंवा वूफर बदलून ओहम बदलले, तर जुनी खूण पुसून सगळं पहिल्यापासून करायचं. मीटर आणि टोनचा पेनड्राइव्ह हाताशी असला तर अर्ध्या तासाचं काम आहे.